तिसऱ्या रांगेचं पाणी

चौथ्या प्रकरणाच्या अकराव्या पानापर्यंत शर्वरीचं काम बरं चाललं होतं. अडखळणारी इंग्रजी वाक्यं सरळ करायची, तीन विशेषणं असतील तिथे एक ठेवायचं, एवढंच काम. विज्ञानात लक्ष घालायचं नाही, असं संहितानं प्रबंधाची पानं हातात देतानाच सांगितलं होतं.

"ताई, मॅडम नेहमी म्हणायच्या, शर्वरी वाचायला बसली की स्वल्पविरामसुद्धा घाबरून नीट बसतात. तुम्ही फक्त लँग्वेज बघा. सायन्स श्रीराम सर बघतील."

मॅडम म्हणजे शर्वरीची आई, इंदुमती. इंदूरच्या एका जुन्या कॉलेजात तिनं तेहेतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेची किल्ली सोडली नाही. संहिता तिची शेवटची विद्यार्थिनी. आई नोव्हेंबरात गेली. आता मार्च उजाडला होता आणि शर्वरी पुण्याहून दहा दिवसांची रजा काढून लोकमान्य नगरचं घर आवरायला आली होती. आवरणं म्हणजे एका कपाटातल्या वस्तू दुसऱ्या कपाटात ठेवणं, असं तीन दिवसांत तिच्या लक्षात आलं होतं. फेकण्यासारखं काही निघत नव्हतं आणि ठेवावं असंही फारसं काही नव्हतं. म्हणून संहितानं पानं आणून दिली तेव्हा तिला बरंच वाटलं. बसून करायचं काम होतं.

अकराव्या पानावर हे वाक्य होतं: प्रयोगाच्या एकवीसही दिवसांत तिन्ही रांगांना नर्मदेच्या नळाचंच पाणी वापरलं, बोरिंगच्या पाण्यातल्या क्षारांमुळे कॅडमियमचा विषारीपणा कमी होतो, म्हणून ते पाणी कटाक्षानं टाळलं.

शर्वरीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. भाषेची चूक काही नव्हती. तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली, उठून गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि पाणी उकळून अर्धं होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग गॅस बंद केला. चहा केलाच नाही.

प्रयोग काय होता ते तिला ठाऊक होतं, कारण आईनं तो तिला फोनवर निदान दहा वेळा समजावून सांगितला होता. काचेच्या नऊ टाक्या, तीन-तीनच्या तीन रांगा. प्रत्येक टाकीत रोहूची दहा बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पहिल्या रांगेत नुसतं पाणी. दुसरीत पाणी आणि कॅडमियम, कारखान्यांच्या सांडपाण्यातून नद्या-तलावांत उतरणारा तो धातू. तिसरीत कॅडमियम आणि वर लोखंडाची नॅनो भुकटी. भुकटीचे कण इतके बारीक की केसाच्या जाडीत तीन-चार हजार शेजारी शेजारी बसावेत. हे कण धातूला धरून ठेवतात, पाणी स्वच्छ दिसायला लागतं, म्हणून ही भुकटी तलावांत टाकावी असं पुष्कळ लोक म्हणू लागले होते. आईची शंका वेगळी होती.

"पाण्यातून धातू गेला म्हणजे गेला का गं?" ती म्हणायची. "कणांनी उचलला. आता कण कुठे गेले? तळाशी. तळाशी कोण चरतंय? मग तो धातू माशाच्या पोटात टांग्यात बसून गेला असं म्हणायचं. आधी बिचारा पायी जात होता."

दिवाळीला आईला दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा प्रयोगाचा नववा दिवस होता. धनत्रयोदशी. संहिता जायला तयार नव्हती, पण आईनंच तिला जबरदस्तीनं सेंधव्याला घरी पाठवलं. "वर्षातनं एकदा भाऊबीज असते. टाक्यांचं शर्वरी बघेल. तिला सांगितलेलं सगळं लक्षात राहतं."

संहितानं सगळं लिहून दिलं. कॉलेजला सुट्टी. शिपाई मारुतीभाऊ कुलूप उघडून देतील. प्रत्येक रांगेचं एक पिंप, पिंपावर नंबर. पिंपात दोन वेळचं पाणी मावतं. नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. एक दिवसाआड टाकीतलं अर्धं पाणी काढून निळ्या कॅनमध्ये साठवायचं, मोरीत ओतायचं नाही, ते विषारी आहे. तेवढंच पाणी पिंपातून घालायचं आणि त्या त्या टाकीच्या नंबराची, धातू-भुकटी मापून भरलेली बाटली त्यात रिकामी करायची. हातमोजे. मास्क. मेलेले मासे मोजून वहीत लिहायचे.

शर्वरीनं यातलं सगळं केलं. एकही गोष्ट चुकवली नाही. फक्त नरकचतुर्दशीला सकाळी ती कॉलेजात गेली तेव्हा पहिली दोन पिंपं भरलेली होती आणि तिसरं रिकामं होतं. ते त्या दिवशी भरायचं होतं, आणि नळ आला नव्हता. मारुतीभाऊ म्हणाले, बोरिंग लावू का? ती म्हणाली, लावा. पिंप भरलं. तिनं ते नियमाप्रमाणे एक रात्र उघडं ठेवलं, जणू बोरिंगच्या पाण्यातही क्लोरीन असतो. दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं तिसऱ्या रांगेला घातलं, आणि एक दिवस सोडून उरलेलं अर्धं. मग दवाखान्यात गेली.

तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं की आईचे मासे माझ्या हातून मरता कामा नयेत.

*

ते वाक्य वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी शर्वरी कॉलेजात गेली. आपल्याला चुकीचं आठवतंय, अशी आशा नव्हती, तरी गेली. मारुतीभाऊ प्राणिशास्त्राच्या इमारतीच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. निवृत्तीला वर्ष राहिलेला, पांढऱ्या मिशांचा, बोलायला मोकळा माणूस. आईच्या नोकरीच्या मधल्या काळात ते लागले आणि तेव्हापासून तिच्या टाक्या त्यांनीच धुतल्या होत्या.

"या ताई. बैठो. मॅडमच्या खोलीचं काय करायचं ते सर विचारत होते."

"मारुतीभाऊ, दिवाळीत नळ किती दिवस आला नव्हता?"

"पाच दिवस. पाइपलाइन फुटली होती ना कुठंतरी. आमच्याकडे तर पाडव्याची आंघोळ टँकरवर झाली, बताओ."

"तिसरं पिंप आपण बोरिंगनं भरलं होतं."

"हो तो. मीच पाइप लावला. तुम्ही इथंच उभ्या होता." ते हसले. "और देखो, त्या रांगेत दोनच मेले. बाजूच्या रांगेत रोज एक-दोन उलटे व्हायचे. बोरिंगचं पाणी ताकदीचं असतं, ताई. मी मॅडमना सांगणार होतो. मग राहून गेलं."

"संहिताला सांगितलंत?"

"तिनं विचारलंच नाही. येताच टाक्यांना चिकटली. मग तो सगळं..." त्यांनी हात हवेत हलवला. आईचं जाणं त्या हलवलेल्या हातात आलं. "काही गडबड झाली का?"

"नाही. तुमची काही नाही," शर्वरी म्हणाली.

श्रीराम सर वरच्या मजल्यावर होते. आईपेक्षा वीस वर्षांनी लहान, आता विभागप्रमुख, आणि आई गेल्यापासून कागदोपत्री संहिताचे मार्गदर्शक. त्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते आणि स्टीलच्या डब्यात शेव. त्यांनी डबा पुढे केला. शर्वरीनं चार काड्या उचलल्या आणि हातातच ठेवून सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"शर्वरीजी, तुम्हाला हे अकराव्या पानावर कळलं?"

"हो."

"भाषा तपासताना." ते थोडं हसले, पण त्यात मजा नव्हती. "मॅडमच्या घरात प्रूफ तपासायलासुद्धा कुणाला द्यायची सोय नाही."

"काय करायचं?"

"बघा, मी थकलेला माणूस आहे, म्हणून सरळ बोलतो. संहिताची मुदत एकतीस मार्चला संपतेय. दोन वेळा वाढवून झालीय. हा मॅडमचा शेवटचा पेपर, नाव त्यांचं आधी आहे. शहराबाहेरच्या एका तलावात ही भुकटी टाकून बघायचा प्रस्ताव मी पुढे पाठवलाय, तो या प्रकरणावर उभा आहे. आणि परीक्षक? परीक्षक तक्ते बघतो. पिंप कुठल्या पाण्यानं भरलं ते कोण विचारतंय?"

"त्या तलावातले मासे लोक खातात?"

"खातात," सर म्हणाले. त्यांनी ते लपवलं नाही. "म्हणूनच मला बरं वाटलं होतं निकाल बघून."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती होत नव्हती.

"मी तुम्हाला गप्प बसा असं म्हणणार नाही," सर म्हणाले. "बोला असंही म्हणायची माझी छाती होत नाहीये. आत्ता तरी मी काही ऐकलेलं नाही. तुम्ही आधी संहिताशी बोला, किंवा नका बोलू. जे कराल ते मला उद्यापर्यंत कळवा, म्हणजे मला ऐकल्यासारखं करता येईल."

खाली उतरल्यावर शर्वरीला कळलं की शेवेच्या काड्या अजून मुठीत आहेत.

*

तिला मुदतीचं वाईट वाटत होतं, तलावातल्या माशांची भीती वाटत होती, पण घरी येऊन पलंगावर आडवी झाल्यावर जे छातीवर बसलं ते निराळंच होतं.

दवाखान्यात आईचा दिवस संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा, शर्वरी टाक्यांवरून आली की. नाकाला नळी, आवाज खोल गेलेला. एकच शब्द विचारायची. "किती?"

"पहिलीत तीस. दुसरीत एकोणीस. तिसरीत अठ्ठावीस."

आई पांघरुणाखाली बोटांवर मोजायची. पांघरूण हलताना दिसायचं. पाडव्याच्या संध्याकाळी तिनं आकडे दोनदा सांगायला लावले आणि मग डोळे मिटून म्हणाली, "म्हणजे भुकटी मदत करतेय. मीच उगीच शंका घेत बसले." आणि जरा थांबून, "बरं झालं. हे चुकलेलं बरं."

चाळीस वर्षं माशांच्या पोटात काय सापडतं तेच बघत आलेली बाई, आपली शंका खोटी ठरली म्हणून सुखावली होती. त्या महिन्यात तिच्या चेहऱ्यावर सुख असं तेवढंच आलं. भाऊबीजेनंतर आठव्या दिवशी ती गेली. प्रयोग संपायला एक दिवस होता. संहिता स्मशानातून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी तिनं मासे बाहेर काढले.

आता शर्वरीनं तोंड उघडलं तर ती संध्याकाळ खोटी पडणार होती. न उघडलं तर ती तशीच राहिली असती, छापून, आईच्या नावाखाली. कुणाचं काही बिघडलं नसतं, निदान या वर्षी तरी नाही. शर्वरी छताकडे बघत पडून राहिली. एक तासानं तिनं संहिताला फोन केला आणि, पानं घेऊन जा, म्हणाली.

*

संहिता आली ती कचोरी घेऊनच. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, किरकोळ, उन्हानं रापलेली, केस पेन्सिलीनं वर बांधलेले. चपला काढता काढताच बोलायला लागली.

"ताई, एवढ्या लवकर? सरांना मी म्हटलं, ताई आठवडा घेतील. ते म्हणे, ताईंनी काही काढलं का त्यात? मी म्हटलं, सर, त्या फक्त कॉमा बघतायत. बहुत चुप-चुप होते आज. चटणी वेगळी बांधून आणलीय, थांबा, सांडेल."

"संहिता, बस."

"बसते. झालं काय?"

शर्वरीनं अकरावं पान तिच्यासमोर ठेवलं आणि वाक्यावर बोट ठेवलं.

"हे खरं नाही. दिवाळीत पाच दिवस नळ नव्हता. तिसऱ्या रांगेला मी बोरिंगचं पाणी घातलं. दोनदा. पहिल्या दोन रांगांना नर्मदेचंच गेलं, ती पिंपं आधीची भरलेली होती."

संहिता पानाकडे बघत राहिली. कचोरीची पिशवी अजून तिच्या हातात होती. मग तिनं ती खाली ठेवली, अगदी सावकाश, जशी काचेची टाकी ठेवतात.

"फक्त तिसऱ्या?"

"फक्त तिसऱ्या."

"अर्धं पाणी, दोनदा. मतलब पाऊण टाकी बोरिंगची." ती स्वतःशीच बोलत होती. "चतुर्दशीनंतर. दुसऱ्या रांगेत सगळ्यात जास्त मासे त्याच चार दिवसांत गेलेत." मग तिनं मान वर केली. "ताई, मी फोन उशाशी घेऊन झोपत होते. एक फोन करायचा होता."

"हो."

"मला नाही तर सरांना. कुणालाही."

"हो."

"मी मॅडमना म्हटलं होतं, नाही जात. भाऊ काय, पुढच्या वर्षीही येतो. त्यांनीच पाठवलं. ताईला सगळं लक्षात राहतं म्हणे." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दोन वर्षं, ताई. आमच्याकडे लग्नाचं सांगून आलेल्या लोकांना आई म्हणते, मार्चनंतर. मार्च, मार्च. आता काय सांगू, बोरिंग?"

माफ कर, हे शब्द शर्वरीनं मनात उच्चारून बघितले. ते फार लहान वाटले. ती आतून पाणी घेऊन आली. संहितानं ग्लास घेतला आणि न पिता त्यातल्या पाण्याकडे बघत बसली.

"हे कुठलं आहे?" तिनं विचारलं.

"काय?"

"पाणी."

"नळाचं."

"ठीक," संहिता म्हणाली आणि प्यायली.

बाहेर भाजीवाला येऊन गेला. शर्वरीला वाटलं, संहिता आता उठून जाईल, आणि तसं झालं असतं तर तिला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण संहितानं पिशवीतून वही काढली. प्रयोगाची मोठी, जाड पुठ्ठ्याची वही. तिनं पानं उलटली आणि एका ओळीवर थांबली. ती ओळ काट मारून खोडलेली होती.

"हे बघा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आले, क्षार मोजले. पहिल्या-दुसऱ्या रांगेत नेहमीसारखे. तिसरीत दुपटीहून जास्त. परत मोजले, परत तेच. मला वाटलं, सुट्टीत मोजायचं रसायन खराब झालं. नवीन बनवलं, पण तोवर मी टाक्यांचं पाणी बदलून बसले होते, नळ आला होता ना. मग आकडा कमी आला. म्हटलं, बघा, रसायनच खराब होतं." तिनं खोडलेल्या ओळीवर नख फिरवलं. "मॅडम असत्या तर विचारलं असतं त्यांनी, संहिता, रसायन खराब, तर पहिल्या दोन रांगांत कसं काय बरोबर मोजलं त्यानं? मी स्वतःला विचारलं नाही. त्या दिवशी त्यांना आयसीयूत नेलं होतं."

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं. बघितलं नाही." तिनं वही मिटली. "त्यामुळे मी तुमच्यावर जास्त ओरडू शकत नाहीये, ताई. ओरडायचं होतं."

शर्वरीनं कचोरी बशीत काढली. दोघींनी खाल्ली, कारण ती गार होत होती.

"मला समजेल असं सांग," शर्वरी म्हणाली. "बोरिंगच्या पाण्यानं नेमकं काय झालं असेल?"

"दोन गोष्टी. एक म्हणजे, त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. कॅडमियम माशाच्या आत शिरतो तो कल्ल्यांतून, आणि ज्या दारानं कॅल्शियम शिरतो त्याच दारानं. दारात आधीच कॅल्शियमची गर्दी असली की याला घुसायला जागा नाही. मासे जगतात. त्यात भुकटीचा काही संबंध नाही. दुसरं, क्षारांच्या पाण्यात भुकटीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, धातूसकट. तळाशी मासे तोंड घालतातच. तो धातू मग पोटातून..." ती बोलता बोलता थांबली. तिनं प्रबंधाची पानं ओढून घेतली आणि मागे एक तक्ता शोधला. "थांबा. थांबा हं. यकृताचा तक्ता. वाचलात?"

"तिथपर्यंत पोचले नाही."

"तिसऱ्या रांगेतले मासे जगले, पण त्यांच्या यकृतात कॅडमियम दुसऱ्या रांगेपेक्षा कमी नाहीये. थोडं जास्तच आहे. मला कळेना, कसं? सर म्हणाले, फरक लहान आहे, सोडून दे, जगले ते महत्त्वाचं. मी एका ओळीत संपवलं ते." ती तक्त्याकडे बघत होती. "कल्ल्यांतून नाही शिरला, तर पोटातून शिरला असेल. कणांवर बसून."

"टांग्यात," शर्वरी म्हणाली.

"हो, मॅडमचा टांगा." संहितानं पान खाली ठेवलं. "म्हणजे त्यांची शंका खरी असू शकते, ताई. असू शकते. यावरून काहीच सिद्ध होत नाही, सगळी मिसळ झालीय. पण खोटी ठरली, असं तर अजिबात म्हणता येत नाही."

शर्वरी उठून खिडकीशी गेली. आई चुकली म्हणून समाधानात गेली, आणि कदाचित ती चुकली नव्हतीच. यात आनंद मानायचा की काय, ते तिला कळेना. आईला स्वतःचं बरोबर असणं कधी फारसं आवडलं नव्हतं. तिच्या धंद्यात बरोबर असणं म्हणजे कुठेतरी मासे मेलेले असणं.

"दवाखान्यात आकडे कोण सांगायचं त्यांना?" मागून संहितानं विचारलं.

"मी."

"अठ्ठावीस म्हणून?"

"अठ्ठावीसच होते. मी रोज दोनदा मोजायचे." शर्वरी खिडकीतून वळली नाही. "ती खूश झाली होती."

"मग आकडा खोटा नव्हता," संहिता म्हणाली. तिनं तेवढंच म्हटलं आणि आणखी समजूत घातली नाही, याबद्दल शर्वरीला तिचे आभार मानावेसे वाटले.

थोड्या वेळानं शर्वरी परत येऊन बसली. "पुन्हा करायचा तर किती दिवस?"

"एकवीस दिवस टाक्यांचे. आधी पिल्लं आणून पंधरा दिवस रुळवायची. मग यकृतं, मग धातू मोजायच्या मशीनची तारीख मिळाली तर. आणि आता तीन रांगांनी नाही होणार. बोरिंगच्या पाण्याच्याही लावाव्या लागतील, नाहीतर हाच प्रश्न पुढच्या वेळी कुणीतरी विचारेल. सहा रांगा." तिनं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवलं. "माझ्यात ताकद नाहीये, ताई. खरं सांगते. मला झोपायचंय एक महिना."

"मी रजा वाढवून घेते. पाणी बदलायला..."

"ना, ताई. तुम्ही पाण्याला हात लावायचा नाही." हे म्हणताना संहिता पहिल्यांदा हसली, थकलेलं, तिरकं. "तुम्ही कॉमा बघा."

शर्वरीही हसली.

"सरांचा तो तलाव?" तिनं विचारलं.

"तो थांबवायला हवा. त्यांनाही माहितीय ते. म्हणून तर चुप होते." संहितानं वहीतलं चतुर्दशीचं पान काढलं. तिथे शर्वरीच्याच अक्षरात माशांचे आकडे होते, आणि खाली अर्धं पान कोरं. तिनं वही फिरवून शर्वरीपुढे ठेवली आणि केसांतली पेन्सिल काढायला गेली, मग थांबून पिशवीतून पेन काढलं. "पेननं लिहा. इथे. काय केलं, केव्हा, किती पाणी, कुठल्या टाक्या. आजची तारीख घाला, तेव्हाची नाही. मॅडमचा नियम होता, चूक जिथे झाली तिथेच लिहायची, वेगळ्या कागदावर नाही. वेगळे कागद हरवतात."

शर्वरीनं लिहायला घेतलं. तिला वाक्यं लिहायची सवय होती, तरी वेळ लागला. नरकचतुर्दशीला सकाळी पिंप क्रमांक तीन बोरिंगच्या पाण्यानं भरलं. एक रात्र उघडं ठेवलं. टाकी सात, आठ, नऊ. अर्धं पाणी, दोन वेळा. त्या दिवशी मारुतीभाऊ हजर होते, पण निर्णय माझा. कारण: नळ आला नव्हता.

संहितानं वही आपल्याकडे वळवून वाचली.

"हे कारण पुरतं का, ताई?"

तिनं ते उद्धटपणानं विचारलं नव्हतं. आई विद्यार्थ्यांना विचारायची तसंच, वहीपुरतं विचारलं होतं. शर्वरीनं ओळ पुन्हा वाचली. नळ आला नव्हता हे खरंच होतं. पण खिशात फोन होता, त्यात संहिताचा नंबर होता, आणि दवाखान्यात आई शुद्धीत होती. त्या सकाळी तिनं फोन हातात घेतलाही होता. कुणी नको म्हणालं असतं, थांबा म्हणालं असतं, तर टाक्या तशाच सोडून जावं लागलं असतं आणि संध्याकाळी पाचला कमी आकडा सांगावा लागला असता. तो तिला सांगायचा नव्हता.

हे सगळं वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. तिनं पेन परत घेतलं आणि पुढे लिहिलं: विचारता आलं असतं. विचारलं नाही. खाली सही केली.

संहितानं शेजारी आपलं नाव लिहिलं, तारीख घातली, आणि खोडलेल्या ओळीच्या पानावर जाऊन तिथेही दोन ओळी लिहिल्या. त्या शर्वरीनं वाचल्या नाहीत. मग तिनं फोन लावला.

"सर, संहिता. हो, ताईंकडेच आहे. चौथं प्रकरण काढावं लागेल." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. ती ऐकत राहिली, मधे दोनदा 'हो सर' म्हणाली. "नाही सर, रडत नाहीये. मुदतीचा अर्ज मी उद्या सकाळी घेऊन येते, तुम्ही फक्त सही करा. आणि तलावाच्या प्रस्तावाचं पत्र... हो. हो, तेच विचारणार होते."

तिनं फोन कानापासून जरा दूर धरला आणि तळहातानं झाकला.

"विचारतायत, ते पत्र कधी परत मागवू?"

"आज," शर्वरी म्हणाली.